बदलापूरचा ठिपका आणि बेल लॅब्जचा ब्रश

आजचा भाग एका चौकोनाचा इतिहास आहे. आलेखावर माऊसने किंवा बोटाने ओढायचा चौकोन. त्यात जे ठिपके सापडतात ते रंगतात, आणि शेजारी दुसरा आलेख असेल तर त्याच नोंदींचे तिथले ठिपकेही त्याच क्षणी रंगतात. बस, इतकंच. या प्रकाराला ब्रशिंग म्हणतात आणि त्या चौकोनाला ब्रश.

ऐकायला किरकोळ वाटतं ना? मग आपल्याच लाईनवरचं एक उदाहरण घेऊ.

जनगणनेचे आकडे. २००१ मध्ये उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ४ लाख ७४ हजार, २०११ मध्ये ५ लाख ६ हजार. अंबरनाथ २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर. बदलापूर ९८ हजारांच्या आसपास होतं, ते १ लाख ७४ हजार झालं. तक्त्यात ही शहरं अकारविल्हे लावली तर आधी अंबरनाथ, मग उल्हासनगर, मग बदलापूर. वाढीचे टक्के त्या क्रमाने वाचा: २४, ७, ७८. काहीतरी वरखाली होतंय, यापलीकडे काही कळत नाही.

आता स्क्रीनवर दोन चित्रं ठेवा. उजवीकडे ठिपक्यांचा आलेख: आडव्या अक्षावर २००१ ची लोकसंख्या, उभ्या अक्षावर दहा वर्षांतली वाढ. डावीकडे ठाणे जिल्ह्याचा नकाशा. आलेखात तळाशी, जमिनीलगत एक ठिपका आहे. त्याच्याभोवती ब्रश धरला की नकाशात उल्हासनगर उजळतं. ब्रश तसाच वर सरकवा, अंबरनाथ उजळतं. अजून वर, पार टोकाला न्या, तर बदलापूर. तुमचा हात आलेखात वर जातोय आणि नकाशातला उजेड कल्याणहून कर्जत लोकलमध्ये बसल्यासारखा एकेक स्टेशन पुढे चाललाय. जितकं कल्याणपासून लांब, तितकी वाढ जास्त.

कारण शोधायला मग फार वेळ लागत नाही. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना जागा दिली, १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं, पण कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते आजही चालतात. जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं शहर, आणि ते कधीच भरलेलं. बदलापूरला मोकळी जमीन होती आणि मुंबईत नोकरी करणाऱ्याला परवडेल असा फ्लॅट होता. आकडे तक्त्यातही होतेच. पण कुठे बघायचं हे ब्रशने दाखवलं.

इथे कोणी म्हणेल, हे तर एक्सेलच्या फिल्टरनेही होतं. नाही होत. फिल्टर लावला की बाकीच्या ओळी गायब होतात. तुमच्यासमोर फक्त बदलापूर राहतं आणि ७८ टक्के हा आकडा एकटा उभा असतो. तो मोठा आहे की छोटा, कशाच्या तुलनेत, हे कळायला बाकीची शहरं मागे फिकट का होईना, दिसावी लागतात. ब्रश बाकीच्यांना घालवत नाही. मला विचाराल तर या चौकोनाचा सगळा इतिहास याच एका फरकाभोवती फिरतो.

सुरुवात मात्र घालवण्यापासूनच झाली. १९७०च्या दशकाची पहिली वर्षं, अमेरिकेत स्टॅनफर्डचं कण-भौतिकीचं केंद्र, स्लॅक. तिथे फिशरकेलर, फ्रीडमन आणि जॉन टुकी या तिघांनी प्रिम-९ नावाची यंत्रणा बनवली. टुकी म्हणजे ज्याने 'बिट' हा शब्द दिला तोच. पुढे १९७७ मध्ये 'एक्स्प्लोरेटरी डेटा अ‍ॅनालिसिस' हे पुस्तक लिहिलं तोही तोच. आकड्यांकडे ठरलेला प्रश्न घेऊन जाण्याआधी जरा त्यांच्यात हिंडून या, असं सांगणारा माणूस. प्रिम म्हणजे पिक्चरिंग, रोटेशन, आयसोलेशन, मास्किंग, आणि ९ म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त नऊ मोजमापं. कणांच्या टकरींमधून आलेल्या ठिपक्यांचा ढग स्क्रीनवर फिरवायचा आणि हवा तो भाग ठेवून उरलेला झाकायचा. १९७३ मध्ये यावर एक फिल्मही केली, तीत स्वतः टुकी समजावून सांगतो. त्या काळात हे करायला अख्खा मोठा कॉम्प्युटर लागायचा. पण एका वेळी चित्र एकच, आणि झाकलं ते दिसेनासं झालं.

पुढची पायरी रंगाची. १९७८ मध्ये कॅरोल न्यूटन यांनी आणि १९८२ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन मॅकडोनाल्ड यांनी ओरायन या यंत्रणेत एका आलेखातले ठिपके निवडून दुसऱ्या आलेखात तेच रंगवून दाखवले. आता झाकायची गरज उरली नव्हती. रंगवलं की पुरे.

मग बेल लॅब्ज. रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलंड यांचा 'ब्रशिंग स्कॅटरप्लॉट्स' हा लेख १९८७ मध्ये 'टेक्नोमेट्रिक्स' या नियतकालिकात आला आणि या प्रकाराला नाव आणि नियम मिळाले. यातला बेकर हा एस या भाषेच्या कर्त्यांपैकी एक. तुमच्यातले जे कोणी आर वापरतात, त्यांच्या भाषेची ही आई. या दोघांनी ब्रशला चार कामं दिली: निवडलेलं उठावदार करणं, निवडलेलंच तेवढं दुसऱ्या आलेखांत दाखवणं, निवडलेलं काढून टाकणं आणि निवडलेल्याला नावाची चिठ्ठी लावणं. आणि रंगाचे तीन प्रकार. एकात ब्रश पुढे गेला की रंग उडतो. दुसऱ्यात रंग टिकतो. तिसऱ्यात ब्रश फिरवला की आधीचा रंग पुसला जातो. मला यातला पहिला, उडणारा रंग सगळ्यात भारी वाटतो. चुकीच्या जागी ब्रश नेला तर काही बिघडत नाही, नुसता पुढे सरकवायचा. प्रश्न विचारणं इतकं स्वस्त झालं की माणूस फालतू प्रश्नही विचारून बघतो, आणि त्यातूनच कधीतरी कामाचं काही हाती लागतं.

क्लीव्हलंडच्या १९९३च्या 'व्हिज्युअलायझिंग डेटा' या पुस्तकात रबराचे ३० नमुने आहेत. अंबरनाथच्या एमआयडीसीत कुठल्या टेस्टिंग लॅबमध्ये कोणी काम करत असेल तर त्याला लगेच कळेल. प्रत्येक नमुन्याची तीन मापं: कडकपणा, ताण सोसायची ताकद आणि घासल्यावर होणारी झीज. ताकद आणि झीज यांचा आलेख नुसता बघितला तर ठिपके विखुरलेले, संबंध फारसा नाही असं वाटतं. आता ब्रश लांबट आणि अरुंद करायचा आणि कडकपणाच्या अक्षावर एक बारीक पट्टी धरायची, म्हणजे साधारण सारख्या कडकपणाचेच नमुने रंगतील. मग त्या रंगलेल्या ठिपक्यांत उतार दिसायला लागतो: ताकद वाढली की झीज कमी. पट्टी हळूहळू पुढे न्या, रंगलेला घोळका जागा बदलतो, पण उतार येतच राहतो. कडकपणाच्या गोंधळात लपलेला संबंध असा बाहेर येतो, आणि एकही समीकरण न लिहिता. फिल्टर लावून हेच करायचं म्हटलं तर प्रत्येक पट्टीला नवं चित्र काढावं लागेल, आणि तिसऱ्या चित्रापर्यंत पहिलं विसरलेलं असेल.

१९८९ मध्ये मार्क मॉनमोनियर या भूगोलाच्या प्राध्यापकाने या आलेखांना नकाशा जोडला. नकाशावर भाग निवडला की आलेख बोलतो, आलेखात निवडलं की नकाशा. मघाशी आपण उल्हासनगर ते बदलापूर प्रवास केला तो याच वाटेने. २००३ मध्ये लुक अँसेलिन यांनी जिओडा हे फुकट सॉफ्टवेअर आणलं, आणि ते आजही तुमच्या लॅपटॉपवर चालेल.

नकाशा आला की आपल्याकडे एक तारीख टाळता येत नाही. २६ जुलै २००५.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. दोन्ही वेधशाळा मुंबईतल्याच, मध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. या दोघांची सरासरी काढली तर पाचशेच्या वर काहीतरी येते, आणि तेवढा पाऊस या दोनपैकी कुठेच पडलेला नव्हता. खाली रोजच्या पावसाचा आलेख आणि वर केंद्रांचा नकाशा ठेवून तो एक दिवस ब्रशने धरला की ही फट डोळ्यांना दिसते, सरासरी काढायचा मोहच होत नाही.

पण त्याच दिवशी उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं होतं आणि वालधुनीचं उल्हासनगरात. २६ जुलै म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी आकडा येतो सांताक्रूझचा. नकाशावर दोनच ठिपके असतील तर ब्रश कितीही फिरवला तरी दोनच उजळणार, आणि आमची तिन्ही शहरं कागदावर कोरडी राहणार. चौदा वर्षांनी, २७ जुलै २०१९ ला, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. या दोन दिवसांना एकाच आलेखात शेजारी रंगवायचं तर नदीची पातळी, पाऊस, रुळांची जागा आणि वस्ती हे सगळं एकमेकांशी जोडलेलं हवं.

आणि हे जोडणं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. ब्रशमध्ये जादू नाही. प्रत्येक नोंदीला एक ओळख असते, दोन्ही आलेखांत तीच ओळख असते, म्हणून इकडे धरलं की तिकडे रंगतं. एका यादीत शहराचं नाव कुळगाव-बदलापूर, रेल्वेच्या यादीत नुसतं बदलापूर. कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन वेगळी गावं. अंबरनाथचं इंग्रजी स्पेलिंग तर दोन प्रकारे लिहितात, त्यामुळे तेही दोनदा जन्मतं. अशा फाइलींवर ब्रश फिरवला की एका चित्रात ठिपका रंगतो आणि दुसऱ्यात सगळं शांत. एरर येत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं इथे काही नाहीच. पुराच्या अभ्यासात 'इथे काही नाही' असं वाटणं किती महागात पडेल, याचा विचार करा. म्हणून ब्रशच्या आधी नावं जुळवण्याचं काम, जे कोणालाच आवडत नाही आणि जे माझ्यासारख्यांच्या गळ्यात पडतं.

ब्राउझरमध्ये हे सगळं अलीकडे आलं. २०११ मध्ये डी-थ्री ही लायब्ररी आली, २०१२ मध्ये स्क्वेअर या कंपनीने क्रॉसफिल्टर दिली. तिच्या नमुन्यात दोन लाखांहून जास्त विमानफेऱ्या होत्या, आणि ब्रश सरकवला की सगळे आलेख हाताबरोबर हलायचे. हा वेग फक्त शोभेचा नाही. २०१४ मध्ये लिऊ आणि हीर यांनी एका अभ्यासात मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा उशीर घातला, तर लोक कमी हिंडले, माहितीचा कमी भाग बघून थांबले. अर्धा सेकंद! आपण रोज लोकलच्या उशिराला सरावलेली माणसं, पण बोटाला तेवढाही धीर नसतो.

फोनवर अजून एक पंचाईत आहे. माऊसचं टोक बारीक, आपलं बोट जाड. उल्हासनगर आणि अंबरनाथ छोट्या नकाशावर एकाच बोटाखाली येतात, आणि जे निवडायचं तेच बोटाने झाकलं जातं. त्यामुळे फोनवरच्या बऱ्याच डॅशबोर्डमध्ये ब्रश काढून परत फिल्टरची बटणं बसवलेली दिसतात. म्हणजे पन्नास वर्षांनी गाडी पुन्हा झाकण्यावर. कोणीतरी आपल्या पिढीत याचं उत्तर काढायला हवं, मोठा स्क्रीन घ्या हे उत्तर नव्हे.

तोवर घरी करून बघायचं असेल तर जिओडा उतरवून घ्या, जनगणनेच्या फाइली फुकट मिळतात, नावं आधी जुळवा. एक लक्षात ठेवा, हे ठिपके २०११ चे आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. ते आकडे आले की हाच आलेख पुन्हा काढू. उल्हासनगर जमिनीलगतच आहे का, बदलापूर अजून टोकाला आहे का, की आता वांगणी पुढे गेलंय, ते त्या भागात.