श्वानवधाकडून शस्त्रक्रियेकडे

१८३२ सालच्या जून महिन्याच्या ६ तारखेस मुंबईच्या कोटात दंगा उसळला, तो कुत्र्यांवरून. पिसाळलेल्या कुत्र्यांचा उपद्रव वाढू नये म्हणून उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची पद्धत कंपनी सरकारने पूर्वीच पाडली होती. त्या वर्षी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायास आठ आणे बक्षीस मिळे. बक्षीस लावले की आकडा फुगतो, हा अनुभव कोणत्याच कारभाराला नवा नाही. धन्याची आणि बिनधन्याची कुत्री यांतील भेद या आठ आण्यांपुढे टिकेना. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. मृताच्या अंत्यविधीत शवावर श्वानाची दृष्टी पडावी, असा ‘सगदीद’ नावाचा संस्कारच त्यांच्यात आहे. त्यातून तो दिवस त्यांच्या सणाचा. जमाव शिपायांवर चालून गेला, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, लष्कराच्या रसदीला खीळ बसली आणि अखेर फौज बोलावावी लागली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला.

कुत्रे मारावे किंवा पोसावे, एवढे दोनच मार्ग त्या वेळी लोकांना दिसत होते. तिसरा मार्ग शेतकऱ्याच्या गोठ्यात पिढ्यान्पिढ्या होता, पण तो कुत्र्यांकडे वळवावा असे कोणाला सुचले नाही. खोंड बडवून त्याचा बैल करणे हे आपल्याकडे फार जुने काम आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात नराच्या खच्चीकरणाबरोबरच डुकरिणी व सांडणी यांच्यावरील अशा शस्त्रक्रियेचेही वर्णन केले आहे. मात्र या साऱ्यामागे जनावर शांत व्हावे, कामाला जुंपता यावे, त्याचे मांस वाढावे, हाच हेतू असे. जनावराच्या प्रकृतीला त्यातून लाभ होईल, हा विचार त्यात नव्हता. शिवाय मादीचे पोट उघडून अंडाशय काढणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळ होता. १८४६ मध्ये ईथरची गुंगी आणि १८६७ मध्ये लिस्टरची जंतुनाशक पद्धती वैद्यकाच्या हाती आली, त्यानंतर कोठे ही शस्त्रक्रिया नित्याची होण्याची शक्यता निर्माण झाली.

तरीही शहरांतून कुत्री मारण्याचेच काम चालू राहिले. मुंबईत विजेच्या धक्क्याने कुत्री मारली जात. शंभराहून अधिक वर्षे हे काम करूनही रस्त्यावरची कुत्री कमी झाली नाहीत, याचे कारण अवघड नाही. उकिरड्यावरचे अन्न कायम असते. जागा रिकामी झाली की शेजारच्या आळीतील कुत्री ती व्यापतात आणि उरलेल्या माद्यांची पिल्ले अधिक संख्येने जगतात. भाद्रपदातील कुत्र्यांचा उल्लेख मराठी बोलण्यात कशासाठी येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. गर्भाचे दिवस सुमारे त्रेसष्ट. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. मारण्याची मोहीम कितीही मोठी असली, तरी दर वर्षी हा एक भाद्रपद तिचा हिशेब पुसून टाकी.

मद्रासच्या ‘ब्लू क्रॉस’ या संस्थेने १९६४ मध्ये कुत्री मारण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण करावे, असा आग्रह धरला. तो मान्य होण्यास तीन दशके लागली. मुंबई महापालिकेने १९९४ मध्ये सरसकट वध थांबवला, मद्रासने १९९६ मध्ये नवी पद्धत स्वीकारली आणि २००१ मध्ये केंद्र सरकारने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली श्वानांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले. कुत्रे पकडावयाचे, शस्त्रक्रिया करावयाची, पिसाळरोगाची लस टोचावयाची आणि पुन्हा त्याच आळीत सोडावयाचे, हे त्यांचे सार. जयपुरात नोव्हेंबर १९९४ पासून डिसेंबर २००२ पर्यंत २४,९८६ कुत्र्यांवर हा प्रयोग झाला. त्या भागातील कुत्र्यांची संख्या शेकडा २८ ने घटली, आणि माणसांमधील पिसाळरोगाच्या नोंदी कार्यक्रमाच्या क्षेत्रात शून्यावर आल्या.

हेतू माणसाच्या आरोग्याचा होता. पण कुत्र्यांचेही बरे झाले, हे मागाहून ध्यानी आले. राजस्थानातील शहरांत कुत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांच्या अंगावर भांडणाच्या उघड्या जखमा कमी आणि अंगलोट बरी, असे आढळले. माजाच्या दिवसांतील झुंजी टळल्या, हे त्याचे संभाव्य कारण. दुसरा लाभ अधिक विलक्षण आहे. कुत्र्यांमध्ये जननेंद्रियांचा एक कर्करोग समागमातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. जंतू नव्हे, तर कर्करोगाच्या जिवंत पेशीच जातात. १८७६ मध्ये रशियात नोविन्स्की यांनी अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या देहात जन्मलेल्या या पेशी आजही जगभर संचार करीत आहेत. भारतातील मोकाट कुत्र्यांत हा रोग नेहमी दिसतो. समागम थांबला की त्याची मुख्य वाटच बंद होते.

घरच्या कुत्रीची गोष्ट निराळी. ती बांधलेली असते, म्हणून तिला या शस्त्रक्रियेची गरज नाही, असे अनेकांना वाटते. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ हा सल्ला तर घरोघर ऐकू येतो. परंतु माज येऊन गेल्यावर गर्भाशयाचे अस्तर दर खेपेस जाड होते आणि वय वाढते तसे त्यात जंतू शिरून पू साठण्याचा संभव वाढतो. काही आठवड्यांनी कुत्री मलूल होते, पाणी फार पिऊ लागते, आणि धनी ऊन बाधले असे समजतो. स्वीडनमध्ये विम्याच्या नोंदींवरून पाहणी झाली. निर्बीजीकरणाची चाल तेथे फारशी नव्हती, त्यामुळे चित्र स्वच्छ दिसले: दहा वर्षांच्या वयापर्यंत सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांना हा विकार झाला होता. अंडाशय व गर्भाशय वेळीच काढले, तर हा विकार होण्याचा प्रश्नच उरत नाही. तो झाल्यावर तीच शस्त्रक्रिया विषाने खंगलेल्या देहावर करावी लागते.

स्तनांच्या गाठींविषयी अमेरिकेतील १९६९ ची आकडेवारी फार प्रसिद्ध आहे. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास, न झालेल्या कुत्रीच्या मानाने धोका शेकडा अर्धा. एका माजानंतर शेकडा ८. दोन माजांनंतर २६. २०१२ मध्ये जुन्या संशोधनाची छाननी झाली, तेव्हा या दाव्यामागचा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही, असे मत पडले. नरात वृषणाच्या गाठी अर्थातच टळतात आणि उतारवयातील प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढही टळते. त्या ग्रंथीचा कर्करोग मात्र टळत नाही. वजन वाढते, काही माद्यांना पुढे लघवी आवरत नाही, आणि २०१३ च्या एका अभ्यासात गोल्डन रिट्रीव्हर जातीत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांना सांध्यांचे विकार अधिक आढळले. म्हणून मोठ्या बांध्याच्या कुत्र्यांसाठी योग्य वय कोणते, हे पशुवैद्यास विचारूनच ठरवणे बरे. गावठी कुत्रीविषयी एवढी चिकित्सा सहसा लागत नाही.

२०२३ मध्ये केंद्राने जुन्यांच्या जागी नवे नियम आणले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतील कुत्री कायमची उचलण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अकरा दिवसांत तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक वगळता बाकीची कुत्री शस्त्रक्रिया व लसीनंतर परत सोडण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, रेल्वेस्थानके अशा जागांपुरता पुन्हा वेगळा आदेश झाला. आठ आण्यांच्या वेळचा वाद अजून मिटलेला नाही. या साऱ्या गदारोळात २०२३ च्या नियमांतील एक लहानसे कलम मागे पडले. पाळीव प्राण्याची लस, जंतनाशक औषध आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी त्यात धन्यावर टाकली आहे. रस्त्यावरच्या कुत्रीसाठी पालिकेची गाडी येते. घरातल्या कुत्रीला दवाखान्यात नेणारा तिचा धनीच असतो, आणि पुष्कळदा तो प्रथम जातो तो ती पाणी फार पिऊ लागल्यावर.