नवतप्यातून सेंट अँड्र्यूजला

नागपुरात नवतपा लागलाय. कूलरच्या ताट्यांतून ओल्या वाळ्याचा वास येतोय, टाकीत सकाळपासून दोनदा पाणी भरून झालंय, तरी खिडकीच्या गजाला हात लावला की चटका बसतो. पलंगावर बॅग उघडी आहे. जूनमध्ये तुम्ही स्कॉटलंडला निघालात. गोल्फचा संच बांधून झालाय आणि कागदावर नावं उतरली आहेत: सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, नॉर्थ बेरविक, प्रेस्टविक. सगळी समुद्राकाठची जुनी मैदानं. तिकडे त्यांना लिंक्स म्हणतात. शेतं आणि समुद्र यांच्या मधला वाळूचा, गवताळ, उंचसखल पट्टा. नांगराला निरुपयोगी, मेंढरांना आणि खेळाला उत्तम.

यादी छान झालीय, पण एक मुक्काम राहिलाच. खऱ्या सहलीआधी सेंट अँड्र्यूजला एक दिवस जाऊन या, १८५० सालाच्या आगेमागे. आपल्या नागपुरात तेव्हा भोसल्यांचं राज्य आहे आणि स्टीफन हिस्लॉप नावाचे एक स्कॉटिश पाद्री इथं शाळा चालवताहेत, हातोडी घेऊन भोवतालचे दगड तपासताहेत. त्यांचंच नाव पुढे आपल्या हिस्लॉप कॉलेजला मिळालं. ते तिकडून इकडे आले, तुम्ही इकडून तिकडे चला.

कूलर बंद करा. आता तो लागणार नाही.

बॅगही इथंच राहू द्या. खांद्याला अडकवायची गोल्फची पिशवी अजून निघालेली नाही. लाकडी टी नाही, हातमोजा नाही. जाड लोकरीचा कोट तेवढा चढवा. फोर्थची खाडी तुम्ही बोटीनं ओलांडलीत, आणि सेंट अँड्र्यूजपर्यंत आगगाडी यायला अजून दोन वर्षं आहेत म्हणून शेवटचा टप्पा घोडागाडीत. खडखडून कंबर धरली आहे, नाक गार पडलंय. जून महिना, आणि तुमचे दात वाजताहेत.

गाडीतून उतरलात की आधी वास येतो. दगडी कोळशाचा धूर, घोड्यांची लीद, वाळत पडलेलं समुद्री शेवाळ आणि या सगळ्यावर मासळी. गावाच्या पूर्वेकडे कोळ्यांची वस्ती आहे. दारादारांत बायका बसल्या आहेत, मांडीवर परडी, समोर शिंपल्यांचा ढीग. ईडन नदीच्या मुखातून आणलेले ते शिंपले त्या सुरीनं फोडतात आणि आतला गर एकेका गळाला लावत जातात. लांबच लांब दोरी, शेकडो गळ. पाण्यानं आणि वाऱ्यानं बोटं लाल झाली आहेत, पण तोंडाचा पट्टा सुरूच. भाषा कळत नाही, तरी सूर ओळखीचा वाटतो. आपल्याकडच्या बाजारात भाव पाडून मागितल्यावर जो सूर लागतो, तोच.

आता पश्चिमेला चला, मैदानाकडे. पुढे गेलात की थबकाल, कारण हवेत चक्क नारळाचा वास आहे. इथं नारळ कुठला? तो वास गॉर्सचा. कमरेएवढी काटेरी झुडपं पिवळ्याजर्द फुलांनी लगडली आहेत आणि ऊन पडलं की त्या फुलांना थेट खवलेल्या ओल्या नारळाचा वास सुटतो. वासानं फसून आत हात मात्र घालू नका. बाभूळ बरी, असे काटे आहेत.

आणि हे मैदान. तुम्ही चित्रांत पाहिलेली मखमल शोधत असाल तर ती इथं नाही. मेंढ्या चरताहेत. बैठ्या गवतातून बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारख्या चाकोऱ्या गेल्या आहेत, कारण गावच्या गाड्या इथूनच किनाऱ्यावर जातात. स्विलकन ओढ्याच्या काठी बायका कपडे धुताहेत. धुतलेल्या चादरी गवतावर आणि झुडपांवर पसरल्या आहेत. पोरं हुंदडताहेत, कुत्री भुंकताहेत. आणि या सगळ्यांच्या मधून लाल कोट घातलेले चार सद्‌गृहस्थ गोल्फ खेळत चालले आहेत. कोट लाल, म्हणजे लोकांना लांबून दिसावं आणि त्यांनी डोकं सांभाळावं.

एकाचा चेंडू चादरीवर जाऊन पडतो. धुणारी बाई कमरेवर हात ठेवून बघते. खेळाडू अदबीनं थांबतो. अशा प्रसंगासाठी इथं पुढे नियमच लिहिला गेला: चेंडू कपड्यांवर पडला तर कपडा खालून ओढून घ्यावा, आणि धुण्याचा टब आड येत असेल तर तो बाजूला सरकवावा. खेळणाऱ्यानं कोणाला हुसकावलं नाही, नियम वाकवून घेतला.

अशा मैदानाला आपल्याकडे सरळ शब्द आहे: गायरान. १५५२ सालच्या सनदेत आर्चबिशपनं या वाळूवर ससे पाळण्याची परवानगी घेतली आणि बदल्यात गोल्फ, फुटबॉल आणि नेमबाजीचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. कस्तुरचंद पार्कवर सकाळी जसा क्रिकेटचा एक डाव दुसऱ्या डावात घुसलेला असतो, मधून कोणी सायकल काढतो आणि तरी सगळ्यांचं चालतं, तसं इथं शेकडो वर्षं चाललंय.

खेळायचंय ना? मग चेंडू हवा. मैदानाच्या कडेच्या त्या घरात शिरा. हे ॲलन रॉबर्ट्‌सनचं स्वयंपाकघर. इथं पोळ्या होत नाहीत, गोल्फचे चेंडू होतात.

दार उघडताच नाकात तूस जातं. खोलीभर पिसांची धूळ तरंगते आहे. चुलीवर भांड्यात हंसाची पिसं उकळताहेत आणि ओल्या कोंबडीच्या वासानं खोली भरली आहे. बाकावर बसलेला कारागीर बघा. मुठीत ओल्या चामड्याची छोटी पिशवी, तिला बोटभर चीर. त्या चिरेतून तो पिसं कोंबतोय. आधी बोटानं, मग लोखंडी सळईनं, आणि सळईही हटेना तेव्हा तिची लाकडी मूठ छातीला लावून अंगाचा सगळा भार देतो. गादी भरणारा आपला पिंजारी आठवा. फक्त गादीभर कापसाची मेहनत लिंबाएवढ्या जागेत. उंच टोपी भरेल इतकी पिसं एका चेंडूत जातात. मग चीर शिवायची. वाळताना चामडं आकसतं, पिसं फुगतात, आणि दोघांच्या ओढाताणीतून चेंडू दगडासारखा टणक होतो. त्यावर पांढरा रंग. घ्या हातात. दाबून बघा, जरासुद्धा दबत नाही.

दिवसभर राबून एक माणूस असे तीन-चार चेंडू करतो. १८४४ मध्ये या घरातून २,४५६ चेंडू बाहेर पडले. छातीवर रोज किती भार आणि फुफ्फुसांत किती तूस, याचा हिशोब तुम्हीच करा.

कोपऱ्यातला ठेंगणा, गालांवर कल्ले राखलेला, हसऱ्या डोळ्यांचा माणूस म्हणजे खुद्द ॲलन. गावातला सर्वांत तरबेज खेळाडू. शेजारी दाढीवाला, तिशीला टेकलेला टॉम मॉरिस, त्याच्याच हाताखाली शिकून तयार झालेला. १८४९ मध्ये या दोघांनी मसलबरोच्या डन बंधूंना ४०० पौंडांच्या पैजेवर हरवलं. चेंडूचे पैसे मोजा. महाग आहे, घासाघीस करून उपयोग नाही. चला मैदानात.

तुमचा कॅडी सात-आठ काठ्या काखेत मारून उभा आहे. काठ्यांचे दांडे हिकरीच्या लाकडाचे, बहुतेकांची डोकी लाकडाची, पाठीत शिसं ओतलेलं. तो वाकतो, नुकत्याच संपलेल्या खळग्यात हात घालून ओली वाळू काढतो, चिमटीनं तिचा छोटा डोंगर रचतो आणि त्यावर चेंडू ठेवतो. हीच तुमची टी. खळग्यातून येणारा प्रत्येक जण वाळू उपसतो, म्हणून दिवस कलेपर्यंत खळगा कोपरभर खोल होतो.

मारा. हाताला झिणझिण्या येत नाहीत. लाकडावर चामडं आदळल्याचा गुबगुबीत आवाज होतो आणि चेंडू वाऱ्यावर सळसळत जातो. पुढे पळालेला पोरगा, फोरकॅडी, हात हलवून सांगतो: चाकोरीत पडला. चाकोरीसाठी वेगळी छोट्या डोक्याची लोखंडी काठी आहे, कॅडी तीच पुढे करतो. इथं पडल्या जागेवरून खेळायचं, तक्रार कोणाकडे करणार?

जायचा आणि यायचा रस्ता जवळपास एकच, दोन्ही बाजूंना गॉर्स. त्यामुळे समोरून परतणारी टोळी अंगावर येतेच. टोप्या उचलल्या जातात, डाव विचारला जातो. हेल बंकर नावाच्या वाळूच्या खड्ड्यात उतरलात तर फक्त आकाश दिसतं. आणि नेमकं तेव्हाच समुद्रावरून पांढरं दाट धुकं सरकत येतं. त्याला इथं हार म्हणतात, आणि ते खरोखर गळ्यात पडल्यासारखं गार चिकटतं. मेंढ्या दिसेनाशा होतात, फक्त खोकण्याचा आवाज येतो. कोटाच्या लोकरीवर पाणी साचतं. चेंडू भिजून जड होतो, त्याची शिवण ढिली पडते, आणि पुढच्या टोल्याला चामडं फाटून ओल्या पिसांचा पुंजका गवतावर पसरतो. एका माणसाच्या पाव दिवसाची कमाई गेली.

म्हणूनच नव्या चेंडूची एवढी चर्चा आहे. गटापर्चा, मलायातल्या झाडाचा चीक. गरम पाण्यात टाका, कणकेसारखा मऊ. हातावर गोळा वळा, गार होऊ द्या, झाला चेंडू. फुटला तर पुन्हा वळा. गावात गोष्ट सांगतात, की पूर्वेकडून इथल्या एका घरी विष्णूची मूर्ती आली, ती याच चिकाच्या कपच्यांमध्ये बांधलेली होती, आणि त्या घरच्या मुलानं कपच्या वितळवून पहिला गोळा वळला. खरं-खोटं विष्णू जाणे. पण हा चेंडू भिजत नाही, आणि पिसांच्या चेंडूपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

ॲलनला मात्र तो डोळ्यासमोर नको. झुडपांत सापडलेले गटाचे चेंडू तो पोरांकडून विकत घेतो आणि जाळतो. त्याच्या घरामागून येणारी ती जळक्या रबरासारखी दुर्गंधी त्याचीच. पुढे म्हातारपणी टॉमनं स्वतः सांगितलेला प्रसंग असा: एका डावात त्याचे पिसांचे चेंडू संपले, सोबत्यानं गटाचा दिला, आणि त्यानं तो मारून बघितला. समोरून ॲलनची टोळी येत होती. कोणीतरी सांगितलं, टॉम गटा खेळतोय. ॲलन तिथं काही बोलला नाही. घरी गेल्यावर मात्र शब्दाला शब्द लागला आणि दोघांची कामाची वाट वेगळी झाली. त्या तुसानं भरलेल्या खोलीत तुम्ही नुकतेच उभे होतात, म्हणून ॲलनचा राग तुम्हाला कळतो. ज्या कामात हयात घातली ते एका उकळत्या भांड्यानं संपवलं, तर कोणाला हसू येईल? टॉम १८५१ मध्ये प्रेस्टविकला गेला, पुढे तिथंच १८६० मध्ये पहिली ओपन स्पर्धा झाली, आणि त्याआधीच इकडे ॲलनही गटानं खेळू लागला होता. १८५८ मध्ये याच मैदानावर तो ७९ टोल्यांत परतला. ऐंशीच्या आत आलेला तो पहिला.

धुकं विरलं. रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि अजून उजेड आहे. स्विलकनच्या दगडी पुलावरून परत या. ओढ्याकाठची बाई चादरींच्या घड्या घालतेय. खाणावळीत ओटची कडक भाकरी आणि तव्यावरचा हॅडॉक मासा तयार आहे. पाय बधिर, ओठ खारट, आणि भूक अशी की जणू दिवसभर शेतात राबलात.

आता परत नागपूर. कूलर लावा, पाणी प्या.

यादीत दोन ओळी वाढवा. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायची वेळ मिळवायला दोन दिवस आधी सोडतीत नाव द्यावं लागतं, म्हणून तिथला मुक्काम तीन-चार दिवसांचा ठेवा आणि हँडिकॅपचा दाखला जवळ बाळगा. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची: त्या मुक्कामात रविवार येऊ द्या. रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ नसतो. १८९४ च्या कायद्यानं हे मैदान गावाच्या हाती आलं आणि आजही ते सार्वजनिकच आहे. रविवारी तिथं लोक कुत्री फिरवतात, पोरं हेल बंकरमध्ये उड्या मारतात, म्हातारी जोडपी हळूहळू पुलापर्यंत जाऊन येतात. त्यांच्यात मिसळा. काठ्या हॉटेलवर ठेवा, ओढ्याकाठी उभे राहा, जिथं चादरी वाळत होत्या ती जागा बघा, आणि फुलं असतील तर गॉर्सचा वास घ्या.

सोडतीत नाव लागलं तर खेळाच. नाही लागलं तरी खट्टू होऊ नका. त्या गायरानावर चालायला कोणाची परवानगी लागत नाही.