जिंझू खोऱ्यातला तांदूळ

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या भातशेती होत आली. नदीच्या वरच्या अंगाला, गिफू प्रांतात, कामिओका ही जस्त, शिसे आणि चांदीची जुनी खाण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मित्सुई कंपनीच्या ताब्यात गेली. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतेच. खनिज दळून जस्त काढून घेतल्यावर उरलेला बारीक गाळ नदीत जाई आणि पाटाच्या पाण्याबरोबर खालच्या खाचरांत साचून राही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून या गावांत हाडांचे एक भयंकर दुखणे दिसू लागले. मुख्यतः बाळंतपणे झालेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या शेतकरी बायका त्याला बळी पडत. कॅडमियमने मूत्रपिंड निकामी होई, हाडे मऊ पडत. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडे, उंची घटे. रुग्णांच्या कण्हण्यावरूनच रोगाला ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ हे नाव पडले आणि १९५५ मध्ये ते वर्तमानपत्रात आले. कुपोषण, बाळंतपणे, अतिकष्ट अशी कारणे तोवर पुढे केली जात होती. गावातच दवाखाना चालवणारे डॉ. नोबोरू हागिनो यांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली. ती जिंझूच्या पाण्यावर भिजणाऱ्या पट्ट्यातच होती. १९६१ मध्ये त्यांनी व शेतीतज्ज्ञ योशिओका यांनी कॅडमियमकडे बोट दाखवले.

विष भातात शिरे ते असे. खाचर पाण्याखाली असते तोवर कॅडमियम गंधकाशी बांधलेले, अविद्राव्य राहते. कापणीआधी पाणी सोडून दिले की मातीत हवा शिरते, कॅडमियम सुटे होते आणि मुळे ते शोषून घेतात. दाणा भरण्याचा काळ नेमका हाच. पीक मात्र वरून निरोगी दिसते, आणि या रोगाचा सर्वांत मोठा दगा हाच होता.

मे १९६८ मध्ये सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. गावकऱ्यांनी त्याच वर्षी कंपनीवर खटला भरला, १९७१ मध्ये जिंकला आणि १९७२ मध्ये अपिलातही निकाल त्यांच्याच बाजूने लागला. नुकसानभरपाईपेक्षाही मोलाचे होते ते कंपनीच्या खर्चाने खाणीची तपासणी करण्याचा मिळालेला हक्क. तज्ज्ञांना बरोबर घेऊन ते वर्षानुवर्षे तिथे जात राहिले. सुमारे ८६३ हेक्टर जमिनीतली दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ माती टाकण्याचे काम २०१२ मध्ये पुरे झाले. जपानमध्ये तांदळातील कॅडमियमची मर्यादा १९७० मध्ये किलोमागे १ मिलिग्रॅम होती, २०११ पासून ती ०.४ झाली.

आजच्या ग्राहकालाही यातून एक धडा आहे. तांदळातल्या कॅडमियमचा बराच भाग प्रथिनांशी जोडलेला असतो. त्यामुळे तांदळाची प्रोटीन पावडर करताना पिष्ट निघून जाते, पण धातू प्रथिनांबरोबर एकवटू शकतो. अशी पावडर रोज घेणाऱ्याने शिसे आणि कॅडमियमचा तपासणी अहवाल विक्रेत्याकडे मागितलाच पाहिजे.