पूजेची वही आणि कराचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या किराणा दुकानात नवी कीर्द आणि खतावणी पाटावर मांडलेली असे. वडील पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढीत, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहीत, आणि आम्हां मुलांच्या हातावर बत्तासे पडत. या वह्यांकडे लक्ष्मीखेरीज आणखी कोणाचे लक्ष असते, हे त्या वयात कुणाला ठाऊक!

ते दुसरे लक्ष आपल्या देशात आणले जेम्स विल्सनसाहेबांनी. गृहस्थ मूळचा टोप्यांचा व्यापारी. निळीच्या सौद्यात १८३७ साली हात पोळून घेतलेला. पुढे १८४३ मध्ये त्याने ‘इकॉनॉमिस्ट’ हे पत्र काढले. १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरी रिती झाली, तेव्हा ती भरण्यासाठी त्याला विलायतेहून धाडण्यात आले. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्याने प्राप्तिकराची योजना मांडली. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत मिळविणाऱ्याला माफी. दोनशे ते पाचशेपर्यंत शेकडा दोन, आणि त्यावर शेकडा चार. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी उघड विरोध केला, तर त्यांनाच परत बोलावण्यात आले. कायदा जुलैअखेर लागू झाला आणि ११ ऑगस्टला विल्सन कलकत्त्यात वारला. साहेब गेला, कर राहिला! लहान माणसाकडून वसूल होणारे थोडे आणि त्याला होणारा जाच फार, म्हणून १८६२ मध्ये माफीची मर्यादा पाचशेवर न्यावी लागली. १८६५ मध्ये कर उठला, पुन्हा आला, पुन्हा गेला; १८८६ च्या कायद्याने मात्र तो कायमचा मुक्कामाला राहिला.

१९२२ च्या कायद्यात व्यापाऱ्याच्या सोयीची एक गोष्ट होती. हिशेबाचे वर्ष दिवाळी ते दिवाळी धरले तरी चाले. पण त्यातच एक काटाही होता. हिशेब दाखविता आला नाही, तर अधिकाऱ्याने आपल्या अंदाजाने कर बसवावा.

तो काटा आमच्या घराला रुतला. वडिलांनी कधी कुणाचा पैसा बुडविला नाही; पण घरात लागणारे तेल-गूळ दुकानातून उचलीत, त्याची नोंद नसे. खरेदीच्या पावत्या गादीखाली. काही उंदरांनी नेल्या, काही पावसाने. एक वर्षी बोलावणे आले. अधिकारी शांतपणे म्हणाले, “शेठ, तुम्ही खोटे बोलता असे मी म्हणत नाही. पण तुमची वही काहीच बोलत नाही!” कर अंदाजाने बसला, आणि तो भरण्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या दिवाळीत तिच्या हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. ती काही बोलली नाही. वडिलांना तेच फार लागले.

त्या पाडव्यापासून दुकानाची रोकड वेगळी आणि घराची वेगळी झाली. घरात गेलेला पावशेर गूळसुद्धा उचल खात्यात पडू लागला. पावत्या तारेला टोचल्या जाऊ लागल्या. रात्री कीर्द लिहिल्याशिवाय वडील जेवायला बसत नसत. कराची तजवीज म्हणून दरमहा काही रक्कम वेगळ्या डब्यात पडे, आणि त्या डब्याला लग्नकार्यातही कोणी हात लावीत नसे. तीन वर्षांनी पाटल्या घरी आल्या.

पुढे कायदा बदलला आणि ३१ मार्च १९८९ पासून सर्वांचेच वर्ष मार्चअखेर संपू लागले. दिवाळीचे वर्ष धरणाऱ्या आम्हां दुकानदारांना तेव्हा एकदम सुमारे सतरा महिन्यांचा हिशेब द्यावा लागला. शेजारीपाजारी घाबरे झाले होते. मी तारेवरच्या पावत्या उतरविल्या, वडिलांच्या पद्धतीने जुळविल्या आणि निर्धास्त झोपलो.

आता हिशेब यंत्रावर होतात. तरी लक्ष्मीपूजनाला मी एक कोरी वही आणतोच. कुंकवाचे स्वस्तिक काढताना मला आईचे ते मोकळे हात आठवतात, आणि मनात येते, वहीची खरी पूजा एका संध्याकाळची नव्हे. ती रोज रात्री करायची असते.