आपल्याच रक्ताचं वावडं

दर महिन्याला पाळीच्या आठवडाभर आधी अंगावर पित्त उठतं आणि पाळी आली की आपोआप बसतं, असं एखादी सांगू लागली तर घरचे म्हणणार, "काहीतरी खाण्यात आलं असेल." म्हणूनच मला १९२१ सालचे डॉक्टर गेबर आवडतात. त्यांनी रुग्ण बाईचंच पाळीआधीचं रक्तद्रव तिला टोचलं, आणि पित्त पुन्हा उठलं! कारण तिच्याच रक्तात होतं.

नेमकं कोणतं, हे तेव्हा कळणं अवघडच. प्रोजेस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आलं ते १९३४ मध्ये. १९६४ साली अमेरिकेत शेली आणि सहकाऱ्यांनी आजाराला नाव दिलं, ऑटोइम्यून प्रोजेस्टेरॉन डर्मटायटिस. उपाय? अंडाशय काढून टाकणं. पुरळ जातं, पण आई होण्याची वाटही बंद होते.

आता शस्त्रक्रिया अगदी शेवटी. आधी अँटिहिस्टामिन, मग बीज तयार होणं थांबवणारी औषधं. शिवाय तेच प्रोजेस्टेरॉन कणाकणाने वाढवत देऊन शरीराला त्याची सवय लावतात. त्यानंतर काहीजणींना मुलंही झाली आहेत.

गर्भ टिकवणारं हे संप्रेरक. त्याच्याशी तह करता येतो, हे कळायला कित्येक दशकं गेली. सुरुवात मात्र एका बाईचं म्हणणं तपासून बघण्यापासून झाली, असं मला वाटतं.