नाव न सांगणाऱ्यांची गोष्ट : ‘स्पार्टाकस’ (१९६०)

१/ लढाई संपली आहे. साखळ्यांनी जखडलेले गुलाम उतारावर बसले आहेत. रोमन सेनापती क्रॅससचा निरोप येतो : स्पार्टाकस कोण ते दाखवा, क्रूसावरचे मरण टळेल. स्पार्टाकस उठतो; पण त्याने तोंड उघडण्यापूर्वीच शेजारचा तरुण ते नाव स्वतःचे म्हणून सांगतो. मग दुसरा, तिसरा आणि पाहता पाहता सारा उतार.

२/ चित्रपटातला हा सर्वांत गाजलेला प्रसंग इतिहासात घडलेला नाही. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआ येथील ग्लॅडिएटर-शाळेतून सत्तरेक गुलाम स्वयंपाकघरातील सुऱ्या आणि सळया घेऊन निसटले. पुढे हजारो त्यांना येऊन मिळाले आणि रोमच्या अनेक सैन्यांचा त्यांनी पराभव केला.

३/ इ.स.पू. ७१ मध्ये क्रॅससने हे बंड मोडले. प्लुटार्क सांगतो, की स्पार्टाकस क्रॅससच्या दिशेने मुसंडी मारताना लढत पडला. अ‍ॅपियनच्या मते त्याचा मृतदेह सापडलाच नाही. हाती लागलेल्या सुमारे ६,००० बंदिवानांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवले गेले. जीवदानाच्या बदल्यात नाव मागितल्याची नोंद कुठेच नाही.

४/ गुलामगिरीच नष्ट करण्याचे स्वप्न चित्रपट स्पार्टाकसला बहाल करतो. त्यालाही पुरावा नाही. प्लुटार्कच्या मते आल्प्स ओलांडून आपापल्या देशी परतावे, हा त्याचा बेत होता. बंडखोरांचा स्वतःचा एकही शब्द उरलेला नाही. जे उरले, ते पुढच्या काळातील ग्रीक-रोमन लेखकांचे.

५/ मग क्रॅससचा तो प्रश्न आला कुठून? त्यासाठी रोम सोडून शीतयुद्धकालीन अमेरिकेत यावे लागते. कादंबरीकार हॉवर्ड फास्ट कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता. स्पेनमधील फॅसिस्टविरोधी निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेच्या नोंदी एका चौकशी समितीने मागितल्या. त्यांत देणगीदारांची नावे होती. फास्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या देण्यास नकार दिला.

६/ काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अवमानाबद्दल फास्टने १९५० मध्ये तुरुंगवास भोगला. स्पार्टाकसच्या कादंबरीचा विचार तिथेच रुजला. प्रस्थापित प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा १९५१ मध्ये त्याने ती स्वतःच प्रकाशित केली.

७/ पटकथाकार डाल्टन ट्रंबो याची कथा याला समांतर आहे. १९४७ मध्ये हॉलिवूडमधील कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या समितीला त्याने उत्तरे दिली नाहीत. तोही १९५० मध्येच तुरुंगात गेला. स्टुडिओंच्या काळ्या यादीमुळे त्याला टोपणनावाने, पडत्या दराने लिहावे लागले. १९५७ मध्ये त्याच्या एका कथेला ऑस्कर मिळाले. विजेता म्हणून पुकारले गेले ते ‘रॉबर्ट रिच’ हे नाव. या नावाचा कोणी लेखकच नव्हता.

८/ अभिनेता-निर्माता कर्क डग्लस याने फास्टची कादंबरी घेतली. फास्टची स्वतःची पटकथा जमली नाही, म्हणून काम ट्रंबोकडे आले आणि तो ते ‘सॅम जॅक्सन’ या नावाआडून करू लागला. चित्रीकरण सुरू झाल्यावर दिग्दर्शकही बदलला आणि तिशीतला स्टॅन्ली क्युब्रिक आला.

९/ जानेवारी १९६० मध्ये ‘एक्झोडस’चा दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर याने ट्रंबोचे नाव उघडपणे जाहीर केले. त्याच वर्षी ‘स्पार्टाकस’च्या पडद्यावरही ते झळकले. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने निषेध केला. पण नवनिर्वाचित अध्यक्ष केनेडी चित्रपट पाहून आले.

१०/ काळी यादी आपण मोडली, असे डग्लस पुढे सांगत असे. ट्रंबोच्या कुटुंबीयांना हा दावा मान्य नव्हता. ती यादी एका माणसाने, एका दिवशी मोडली नाही. ट्रंबोएवढे नाव नसलेल्या अनेकांची उमेदीची वर्षे तिच्यात गेली, ती परत आली नाहीत.

११/ म्हणून उतारावरचा तो प्रसंग दोनदा पाहावा. इ.स.पू. ७१ साठी त्याचे साधन म्हणून मोल जवळजवळ शून्य. मात्र सहकाऱ्याचे नाव सांगितले की सुटका होते, अशा काळात जगलेल्या माणसांनी तो लिहिला, हे कळले की १९६० साठी तो महत्त्वाचा पुरावा ठरतो.

१२/ आणि श्रेयनामावलीही वाचावी. पटकथा : डाल्टन ट्रंबो. मूळ कादंबरी : हॉवर्ड फास्ट. समितीपुढे न झुकल्याबद्दल एकाच वर्षी गजांआड गेलेली ही दोन माणसे तिथे आपापल्या खऱ्या नावांनी उभी आहेत.