मरणोत्तर संधीचा वाद

मरणोत्तर संधीचा वाद हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील काँग्रिगेशनल पंथाच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये झालेला धर्मशास्त्रीय वाद होय. ख्रिस्ताचे नाव न ऐकता मरण पावलेल्या माणसाच्या आत्म्याला मृत्यूनंतर तारणाची संधी मिळते काय, हा त्याचा विषय होता. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील मिशनरी रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) यांचे भारतात परतणे या वादामुळे अडले. त्यामुळे मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे.

पार्श्वभूमी

मृत्यूने देह व आत्मा विभक्त होतात आणि जगाच्या अंती मृतांचे पुनरुत्थान होते, हे बहुतेक ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. मतभेद मुख्यतः या दोहोंमधील काळाविषयी आहेत. देवाच्या कृपेत मेलेला, पण पूर्णपणे शुद्ध न झालेला आत्मा शुद्धिस्थानातून जातो व जिवंतांच्या प्रार्थना आणि मिस्सा त्याला साहाय्यभूत होतात, ही रोमन कॅथलिक शिकवण फ्लॉरेन्स (१४३९) व ट्रेंट (१५६३) येथील धर्मसभांनी मांडली. ऑर्थोडॉक्स मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करतात, परंतु शुद्धिस्थानाची ही व्याख्या स्वीकारत नाहीत. प्रॉटेस्टंट सुधारकांनी शुद्धिस्थानाला बायबलचा आधार नसल्याचे सांगून ते नाकारले. त्यांच्या परंपरेत आत्म्याचा निर्णय मृत्यूबरोबरच कायम झाला, असे सामान्यतः मानले जाते.

ज्या समाजात श्राद्ध, तर्पण आणि भाद्रपदातील पितृपक्ष ही पुत्राची कर्तव्ये मानली जातात, तेथे हा भेद केवळ पंडितांचा राहत नाही. गोव्यातील कॅथलिकांना २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मृतिदिन आणि मृतांसाठीची मिस्सा मिळाली. लग्नापूर्वी घराण्यातील मृतांच्या नावे गरिबांना जेवू घालण्याची ‘भिकाऱ्यांचे जेवण’ ही चालही तेथे आढळते. तथापि शुद्धिस्थान होते ते कृपेत मेलेल्यांसाठी. बाप्तिस्मा न घेता गेलेल्या आजा-पणजाचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. गोव्यात १५४२ मध्ये आलेल्या फ्रान्सिस झेवियर यांना या प्रश्नाची झळ जपानमध्ये लागली. पूर्वजांना नरकातून सोडविता येत नाही हे ऐकून तेथील नवख्रिस्ती रडत, असे त्यांनी जानेवारी १५५२ मध्ये कोचीहून लिहिलेल्या पत्रात नोंदविले आहे.

ह्यूम यांचे प्रकरण

ज्या अमेरिकन बोर्डाने (स्थापना १८१०) मराठी मिशन चालविले, त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले व १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे प्रमुख ठाणे झाले. ह्यूम यांचा जन्म मुंबईचा; वडीलही याच मिशनचे. येल व अँडोव्हर येथे शिक्षण घेऊन ते १८७४ मध्ये अहमदनगरला आले आणि १८७८ मध्ये त्यांनी तेथे धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू केले.

इकडे अँडोव्हर येथील काही प्राध्यापकांनी १८८० नंतरच्या दशकात असे मत मांडले, की ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोहोचलेच नाही, त्यांना देव मृत्यूनंतर ते ऐकवील, असे मानण्यास जागा आहे. ख्रिस्ताने बंदीतील आत्म्यांना उपदेश केल्याचा पेत्राच्या पहिल्या पत्रातील (३:१९) उल्लेख त्यांच्या बाजूचा. एकदाच मरणे व नंतर न्याय, हे इब्री लोकांस पत्रातील (९:२७) वचन विरोधकांच्या बाजूचे. विरोधकांचा एक आक्षेप व्यावहारिक होता आणि तो दुबळा म्हणता येणार नाही : मेल्यावर संधी असेल, तर परदेशी मिशनरी पाठवायचे कशाला?

१८८६ मध्ये रजेवर असताना ह्यूम यांनी अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनप्रसंगी या मताविषयी सहानुभूती दर्शविली. संधी मिळतेच असा सिद्धान्त त्यांनी मांडला नव्हता. तो विचार मोकळा ठेवावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. भारतातील श्रोत्याला ‘तुझे सर्व पूर्वज निश्चितपणे नष्ट झाले’ असे सांगण्याने शुभवर्तमानाच्या मार्गात अडसर उभा राहतो, ही त्यामागील धारणा होती. बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांना परत पाठविण्याचा निर्णय लांबणीवर टाकला. त्या वर्षी आयोवातील डी मॉइन येथे भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेत या विषयावर कडाक्याची चर्चा झाली. अखेरीस १८८७ मध्ये ह्यूम यांना परवानगी मिळाली व ते अहमदनगरला परतले.

परिणाम

प्राध्यापक एगबर्ट स्मिथ यांना १८८७ मध्ये पदच्युत करण्यात आले. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये तो निर्णय रद्द ठरविला. याच मतामुळे आधी नाकारलेले विल्यम नॉइस यांना बोर्डाने १८९३ मध्ये मिशनरी म्हणून स्वीकारले, आणि वाद बहुतांशी शमला. ह्यूम यांचे उदार विचार ‘मिशन्स फ्रॉम द मॉडर्न व्ह्यू’ (१९०५) या पुस्तकात विस्ताराने आले आहेत. बाप्तिस्म्यानंतर (१८९५) अहमदनगरला आलेले कवी नारायण वामन टिळक याच परिसरात वावरले.

कॅथलिक बाजूने दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ मध्ये, स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमानापासून वंचित राहिलेल्यांनाही तारण मिळू शकते, असे स्पष्ट केले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची भूमिका या सर्वांहून वेगळी आहे. मृत मनुष्य पुनरुत्थानापर्यंत जाणिवेविना निद्रिस्त असतो व दुष्टांना चिरंतन यातना नसून अखेरीस त्यांचा नाश होतो, असे तो पंथ मानतो. पुण्यातील स्पायसर ही त्याची शिक्षणसंस्था आहे.